विश्लेषण : विकत की दत्तक? श्वानप्रेमी राणी व्हिक्टोरियाच्या दोन बाजू

घरात कुत्रा आणायचे ठरले की पहिला प्रश्न बहुतेक वेळा जातीचा असतो. लॅब्रेडॉर हवा, शित्झू हवा की बोटभर उंचीचा पॉमेरेनियन? त्याच वेळी सोसायटीच्या ग्रुपवर रस्त्यावरच्या पिल्लांचे फोटो फिरत असतात आणि खाली दत्तक घेण्याचे आवाहन असते. मग दोन गट पडतात. एक गट म्हणतो, आमचे पैसे, आमची आवड. दुसरा म्हणतो, बाहेर इतके जीव उपाशी असताना कारखान्यात माल काढावा तशी पिल्ले का काढायची?

हा वाद समाजमाध्यमांच्या काळातला वाटतो, पण तो दीडशे वर्षांहून जुना आहे. आणि ज्या व्यक्तीच्या नावाने तो काळ ओळखला जातो, ती या वादात दोन्हीकडे उभी होती. ब्रिटनची राणी व्हिक्टोरिया ही लंडनच्या बेवारस कुत्र्यांच्या आश्रयगृहाची आश्रयदाती होती. तीच राणी पॉमेरेनियनची पैदास करून त्यांना प्रदर्शनात उतरवत होती. आज आपण ज्या तिढ्यात अडकलो आहोत, तो तिच्या आयुष्यातून पाहिला तर बराच स्पष्ट होतो.

एकट्या राजकन्येचा सवंगडी कोण होता?

व्हिक्टोरियाचा जन्म २४ मे १८१९ रोजी लंडनच्या केन्सिंग्टन राजवाड्यात झाला. ती वर्षाचीही झाली नव्हती तोच वडील गेले. आई डचेस ऑफ केंट आणि तिचा कारभारी सर जॉन कॉनरॉय यांनी मुलीला कडक पहाऱ्यात वाढवले. तिने आईच्याच खोलीत झोपायचे, कुणाचा हात धरल्याशिवाय जिना उतरायचा नाही, बरोबरीच्या मुलांशी फारसे मिसळायचे नाही, असे नियम होते. गादीवर येईपर्यंत ही मुलगी आपल्यावर अवलंबून राहावी, हा त्यामागचा हिशेब होता.

१८३३ च्या जानेवारीत कॉनरॉयने डचेसला स्पॅनियल जातीचा एक कुत्रा भेट दिला. त्याचे नाव डॅश. थोड्याच दिवसांत तो आईचा न राहता तेरा वर्षांच्या व्हिक्टोरियाचा झाला. ती त्याला लाल कोट आणि निळी विजार घालून सजवायची, आपल्या रोजनिशीत त्याच्याबद्दल लिहायची. सतत कुणाच्या तरी नजरेखाली असलेल्या मुलीला तिच्याकडून काहीही नको असलेला हा एकमेव जीव होता.

२० जून १८३७ रोजी अठराव्या वर्षी ती राणी झाली. पुढच्या वर्षी २८ जूनला राज्याभिषेक झाला. दिवसभराचा सोहळा आटोपून राजवाड्यात परतल्यावर तिने केलेल्या पहिल्या कामांपैकी एक होते डॅशला अंघोळ घालणे. १८४० च्या डिसेंबरात डॅश मेला, तेव्हा विंडसरच्या आवारात त्याची समाधी बांधून त्यावर त्याच्या निष्ठेचे कौतुक कोरण्यात आले.

प्राण्यांवरील क्रूरतेबद्दल तिची भूमिका काय होती?

त्या काळच्या इंग्लंडमध्ये कुत्र्यांच्या झुंजी लावणे, बैलावर आणि अस्वलावर कुत्रे सोडणे हा करमणुकीचा भाग होता. १८२४ मध्ये प्राण्यांवरील क्रूरता रोखण्यासाठी लंडनमध्ये एक संस्था स्थापन झाली. सुरुवातीला तिच्याकडे पैसा नव्हता आणि प्रतिष्ठाही नव्हती. १८३५ मध्ये डचेस ऑफ केंट आणि राजकन्या व्हिक्टोरिया यांनी संस्थेला आपले नाव दिले. त्याच वर्षी अशा झुंजींवर कायद्याने बंदी आली. १८४० मध्ये राणीने संस्थेला नावापुढे रॉयल हा शब्द लावण्याची परवानगी दिली. आज जगभर ओळखली जाणारी आरएसपीसीए ती हीच.

जिवंत प्राण्यांची चिरफाड करून होणाऱ्या वैद्यकीय प्रयोगांचा तर तिला मनापासून तिटकारा होता आणि तो तिने आपल्या मंत्र्यांपासून लपवला नाही. अशा प्रयोगांवर परवान्याचे बंधन घालणारा कायदा ब्रिटनमध्ये १८७६ मध्ये आला.

त्याच वेळी राजवाड्यातील श्वानसंग्रह वाढत होता. १८४० मध्ये तिचे लग्न जर्मनीच्या प्रिन्स अल्बर्टशी झाले. त्याच्यासोबत इऑस नावाची त्याची लाडकी ग्रेहाउंड आली. विंडसरच्या बागेत कुत्र्यांसाठी स्वतंत्र इमारती बांधल्या गेल्या, त्यांच्या देखभालीसाठी माणसे नेमली गेली. एडविन लँडसीअरसारख्या नामवंत चित्रकाराने डॅशची आणि इऑसची चित्रे काढली. पुढे स्कॉटलंडमधील बाल्मोरलला गेल्यावर मेंढ्या राखणाऱ्या कोली जातीच्या कुत्र्यांवर राणीचा जीव जडला. धनगराच्या हाताखाली राबणारा कोली पाहता पाहता शहरी उमरावांच्या दिवाणखान्यात आला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. राणीने कुणालाही कोली पाळा असे सांगितले नव्हते. तिने पाळला एवढेच. आज एखाद्या अभिनेत्रीच्या मांडीवरचे पिल्लू रीलमध्ये दिसले की त्या जातीची चौकशी वाढते. तेव्हा रील नव्हते, पण चित्रांच्या छापील प्रती होत्या आणि पुढे छायाचित्रेही आली.

१८६० मध्ये असे काय घडले?

१८५९ मध्ये इंग्लंडच्या न्यूकॅसल शहरात शिकारी कुत्र्यांचे एक प्रदर्शन भरले. आधुनिक श्वान प्रदर्शनांची सुरुवात तिथून मानली जाते. कुत्रा काय काम करतो यापेक्षा तो कसा दिसतो याला गुण मिळू लागले. प्रत्येक जातीचे माप ठरू लागले. १८७३ मध्ये केनेल क्लब स्थापन झाला आणि वंशावळीची नोंद पद्धतशीर होऊ लागली.

न्यूकॅसलच्या प्रदर्शनाला दीड वर्षही झाले नव्हते तेव्हा, २ ऑक्टोबर १८६० रोजी, मेरी टिल्बी या महिलेने लंडनच्या हॉलोवे भागात एका तबेल्याच्या आवारात हरवलेल्या आणि उपाशी कुत्र्यांसाठी तात्पुरता निवारा उघडला. बाईंचे वय साठीच्या आसपास होते, हाती पैसा बेताचा. वृत्तपत्रांनी त्यांची खिल्ली उडवली. लंडनमध्ये माणसे आणि मुले उपाशी असताना कुत्र्यांना घर कसले, असा सवाल केला गेला. आज रस्त्यावरच्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांना जे ऐकावे लागते, तेच टिल्बीबाईंना ऐकावे लागले होते. ३ ऑक्टोबर १८६५ रोजी त्यांचे निधन झाले, पण निवारा टिकला. १८७१ मध्ये तो बॅटरसी भागात हलला आणि त्याच नावाने आजही सुरू आहे.

मुंबई या बाबतीत लंडनच्या पुढे होती. बेवारस कुत्रे मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध १८३२ च्या जूनमध्ये मुंबईच्या कोट भागात दंगल झाली होती आणि त्यात पारशी समाज आघाडीवर होता. त्यानंतर दोन वर्षांनी जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरापोळ उभी राहिली. मारल्या जाणाऱ्या भटक्या कुत्र्यांना आसरा देणे हा तिच्या स्थापनेमागचा एक हेतू होता. म्हणजे टिल्बीबाईंच्या तबेल्याआधी सव्वीस वर्षे.

लूटी कोण होती?

टिल्बीबाईंचा निवारा सुरू झाला त्याच ऑक्टोबर महिन्यात, हजारो मैलांवर चीनमध्ये ब्रिटिश आणि फ्रेंच सैन्याने बीजिंगजवळचा सम्राटाचा उन्हाळी महाल लुटला आणि नंतर ब्रिटिशांनी तो जाळला. त्या धुमाकुळात सैनिकांना पेकिंगीज जातीचे पाच छोटे कुत्रे सापडले. ही जात तोवर चिनी राजवाड्याबाहेर फारशी कुणी पाहिलीही नव्हती. त्यांपैकी एक कुत्री कॅप्टन जॉन हार्ट डन याने इंग्लंडला आणली आणि १८६१ मध्ये राणीला अर्पण केली.

तिचे नाव ठेवले गेले लूटी. लूट हा आपल्याकडचा शब्द ब्रिटिशांनी भारतातूनच आपल्या भाषेत नेला होता. नावाआड काहीही लपवलेले नव्हते. फ्रीडरिख काइल या चित्रकाराकडून राजघराण्याने लूटीचे चित्र काढून घेतले. तिचा आकार लक्षात यावा म्हणून चित्रात शेजारी इतर वस्तू दाखवल्या आहेत. १८७२ मध्ये विंडसरला ती मेली. नंतरच्या काळात पेकिंगीज ही ब्रिटनमधील लोकप्रिय जात झाली. चेहरा जितका चपटा तितके कौतुक जास्त, अशी स्पर्धा लागली. आज या जातीत श्वासाचा त्रास आणि डोळ्यांना इजा या नेहमीच्या तक्रारी आहेत.

दुर्मीळ प्राणी, त्यामागची हकीकत आणि मोठ्या घरातील मालक या तीन गोष्टी एकत्र आल्या की बाजार आपोआप तयार होतो. लूटी कशी आली, हे विचारणारे थोडे आणि तशी आपल्याकडे असावी असे वाटणारे अनेक.

हा विरोधाभास तेव्हा कुणाच्याच लक्षात आला नाही का?

आला होता. १८६२ च्या ऑगस्टमध्ये चार्ल्स डिकन्स यांच्या साप्ताहिकात एक लेख छापून आला. त्यात लंडनच्या इस्लिंग्टन भागातील भव्य श्वान प्रदर्शन आणि तिथून जवळच असलेला टिल्बीबाईंचा निवारा यांची तुलना होती. एकीकडे नीटनेटके, पोसलेले, बक्षिसासाठी ओळीने बसवलेले कुत्रे. दुसरीकडे खपाटीला गेलेली पोटे आणि येणाऱ्या प्रत्येकाकडे आशेने पाहणारे डोळे. लेखाचा कल निवाऱ्यातील कुत्र्यांकडे होता आणि त्या लेखामुळे निवाऱ्याकडे पाहण्याची लोकांची दृष्टी बदलू लागली, असे मानले जाते.

राणीने बॅटरसीला आश्रय का दिला?

१८६१ च्या डिसेंबरात प्रिन्स अल्बर्टचा मृत्यू झाला. त्यानंतर राणीने जवळजवळ चाळीस वर्षे काळे कपडेच घातले. ती लोकांपासून दूर राहू लागली. या काळात शार्प आणि नोबल हे कोली तिच्या सतत जवळ असत. शार्पसोबतची तिची छायाचित्रे आजही पाहायला मिळतात.

बाहेर लंडनमध्ये भटक्या कुत्र्यांचा प्रश्न गंभीर होत होता. १८६७ च्या कायद्याने पोलिसांना बेवारस कुत्रे पकडण्याचा अधिकार मिळाला. तीन दिवसांत मालक आला नाही तर कुत्रा विकण्याची किंवा मारण्याची मुभा होती. पकडलेले कुत्रे पोलिस याच निवाऱ्यात आणून सोडू लागले. जागा अपुरी आणि नेणारे थोडे. त्यामुळे प्रेमापोटी सुरू झालेल्या या संस्थेला हजारो कुत्रे मारावे लागत होते. ते कमी वेदनेने व्हावे म्हणून डॉ. बेंजामिन वॉर्ड रिचर्डसन यांनी बनवलेली गुंगीच्या वायूची कोठडी तिथे १८८४ मध्ये बसवण्यात आली.

पुढच्याच वर्षी, १८८५ मध्ये, राणीने बॅटरसीचे आश्रयदातेपद स्वीकारले. तो रेबीजच्या भीतीचा काळ होता. भटका कुत्रा म्हणजे मृत्यू, असे समीकरण झाले होते. अशा वेळी राणीचे नाव पाटीवर लागणे ही मोठी गोष्ट होती. पंचवीस वर्षांपूर्वी जी संस्था चेष्टेचा विषय होती, तिला देणगी देणे आता प्रतिष्ठेचे झाले.

मात्र तारखा शेजारी ठेवून पाहिल्या तर फरक दिसतो. चिनी महालातून लुटलेल्या कुत्रीला राजवाड्यात जागा मिळायला वर्षही लागले नाही. लंडनच्या रस्त्यावरच्या कुत्र्यांना राणीचे नाव मिळायला पंचवीस वर्षे लागली, आणि तेही नावच.

पॉमेरेनियनचा आकार कसा घटला?

बॅटरसीची आश्रयदाती झाल्यानंतर तीन वर्षांनी, १८८८ मध्ये राणी इटलीतील फ्लॉरेन्सला गेली. तिथे तिला एक लहानखुरा, तांबूस केसांचा पॉमेरेनियन आवडला. त्याचे नाव मार्को. तो सोबत विंडसरला आला आणि त्याच्याबरोबर राणीची पॉमेरेनियनची पैदास जोरात सुरू झाली.

पॉमेरेनियन इंग्लंडला नवीन नव्हता. राणीची आजी, तिसऱ्या जॉर्जची पत्नी शार्लट हिने अठराव्या शतकात ही जात दरबारात आणली होती. पण ते कुत्रे मोठे होते, दहा-बारा किलोंच्या आसपास भरणारे. मुळात ही उत्तरेकडची स्पिट्झ कुळातील, राखण करणारी आणि गाडी ओढणारी जमात. मार्कोचे वजन होते १२ पौंड, म्हणजे साडेपाच किलोंच्या आत. राणीला लहान आवडतो म्हटल्यावर सगळ्यांनाच लहान हवा झाला. तिच्या हयातीत या जातीचा सरासरी आकार निम्म्यावर आला, असे सांगितले जाते.

१८९१ मध्ये चार्ल्स क्रफ्ट यांनी आपल्या नावाचे पहिले श्वान प्रदर्शन भरवले. राणीचे पॉमेरेनियन त्यात उतरले. जागा होती इस्लिंग्टनचे कृषी सभागृह, म्हणजे २९ वर्षांपूर्वी डिकन्स यांच्या साप्ताहिकाने ज्या प्रदर्शनाची तुलना बेवारस कुत्र्यांच्या निवाऱ्याशी केली, ते जिथे भरले होते तीच इमारत. बॅटरसीच्या आश्रयदातीचे कुत्रे आता तिथे मिरवत होते.

मार्कोपाशी हा प्रवास थांबला नाही. आज ब्रिटनच्या केनेल क्लबच्या मापानुसार आदर्श पॉमेरेनियन नर १.८ ते २ किलो आणि मादी २ ते २.५ किलो वजनाची असते. राणीचा मार्को आजच्या प्रदर्शनात बेढब ठरला असता.

लहान आकारात चूक काय?

आकार लहान असणे हा स्वतःहून दोष नाही. प्रश्न तो कसा मिळवला जातो याचा आहे. कुत्रा लहान करायचा तर दर पिढीत सर्वांत लहान पिल्ले निवडून त्यांचीच जोडी लावायची. निवड जितकी कडक, तितके निवडलेले प्राणी कमी. मग भाऊ-बहीण, बाप-लेक अशा जवळच्या नात्यांत जोड्या लागतात. त्यात बक्षीस मिळवलेल्या एकाच नराकडून शेकडो पिल्ले घेतली जातात. त्या नरात एखादा दोष दडलेला असेल तर तोही शेकडो घरांत पोहोचतो.

पॉमेरेनियनच्या बाबतीत गुडघ्याची वाटी सरकणे, श्वासनलिका दबणे, लहान जबड्यात दातांची गर्दी होऊन ते लवकर पडणे या तक्रारी पशुवैद्यकांच्या ओळखीच्या आहेत. टीकप नावाने विकल्या जाणाऱ्या अतिलहान पिल्लांची हाडे थोड्या उंचीवरून पडूनही मोडू शकतात. मादी फार लहान असेल तर बाळंतपणात जिवावर बेतते.

हे गणित समजायला राणीच्या घराण्याचेच उदाहरण आहे. व्हिक्टोरियाच्या शरीरात हिमोफिलिया या रक्त न गोठण्याच्या आजाराचे जनुक होते. तिला स्वतःला त्रास झाला नाही. मुलगा लिओपोल्ड याला मात्र तो आजार होता आणि १८८४ मध्ये पडल्याचे निमित्त होऊन तिशीतच तो गेला. ॲलिस आणि बिॲट्रिस या मुलींमार्फत ते जनुक पुढच्या पिढीत रशिया आणि स्पेनच्या राजघराण्यांत पोहोचले. अनेकांना वाटते की हा आजार चुलत-मावस भावंडांच्या लग्नांमुळे झाला. तसे नाही. हे जनुक आईकडूनच मुलाकडे जाते, वडील नात्यातले असोत वा नसोत. पण राजघराण्यांनी राजघराण्यांतच सोयरीक करायची, या रिवाजामुळे एका स्त्रीच्या शरीरातला दोष दोन-तीन पिढ्यांत युरोपच्या मोजक्या घराण्यांत ठिकठिकाणी दिसू लागला. बंद वर्तुळात एका पूर्वजाचे किती दूरवर पोहोचते, याचा तो दाखला आहे. कुत्र्यांच्या जातींत ते वर्तुळ माणसांनी मुद्दाम आखलेले असते.

राणीचा शेवट कसा झाला?

१९०१ च्या जानेवारीत राणी आयल ऑफ वाइट बेटावरील ऑस्बोर्न हाउसमध्ये आजारी पडली. मुले, नातवंडे गोळा झाली. जर्मनीचा सम्राट असलेला नातू विल्हेल्मही आला. शेवटच्या दिवसांत तिने आपला पॉमेरेनियन टुरी याला पलंगावर आणायला सांगितले. २२ जानेवारीला वयाच्या ८१ व्या वर्षी तिने प्राण सोडला. ज्या आयुष्यात पहिला सवंगडी कुत्रा होता, त्याच्या अखेरीसही कुत्रा जवळ होता.

तिचे प्रेम खोटे नव्हते, हे तिच्या सगळ्या आयुष्यावरून दिसते. म्हणूनच हे उदाहरण महत्त्वाचे. पैदाशीचे नुकसान केवळ क्रूर किंवा लोभी माणसे करतात असे नाही. जीव लावणारी माणसेही आपल्या पसंतीने ते करतात, कारण पसंतीची किंमत त्यांच्या डोळ्यांसमोर चुकवली जात नाही. ती पुढच्या पिढीतले पिल्लू चुकवते किंवा आश्रयगृहात न निवडला गेलेला कुत्रा.

डिझायनर कुत्र्यांचे काय?

राणीच्या काळात शुद्ध जातीचे वेड होते. आता दोन जातींच्या नियोजित संकराची फॅशन आहे. तिची सुरुवात साधारणपणे १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियात झाली, तीही योगायोगाने व्हिक्टोरिया याच नावाच्या राज्यात. अंधांसाठी मार्गदर्शक कुत्रे तयार करणाऱ्या संस्थेत वॉली कॉनरॉन काम करत होते. हवाईतील एका अंध महिलेच्या पतीला कुत्र्याच्या केसांची ॲलर्जी होती. म्हणून कॉनरॉन यांनी लॅब्रेडॉर आणि पूडल यांचा संकर केला. तीन पिल्ले झाली, एक कामाला आले. उरलेल्या संकरित पिल्लांना सांभाळायला कुणी पुढे येईना. मग कॉनरॉन यांनी त्यांना लॅब्राडूडल हे नवे नाव दिले आणि मागणीची रीघ लागली. पुढे जगभर पैशांसाठी अशी पैदास सुरू झाल्यावर कॉनरॉन यांनी आपल्या या निर्मितीबद्दल जाहीर खंत व्यक्त केली.

पिल्ले तीच होती. संकरित म्हटले तेव्हा नकोशी होती, नाव मिळाल्यावर हवीशी झाली. आपल्या गल्लीतला कुत्राही संकरितच असतो, फक्त त्याला नाव नसते.

संकरामुळे आजार कमी होतात, हा दावाही सरसकट खरा नाही. दोन्ही जातींत एकच दोष असेल, किंवा आईबापांच्या तपासण्याच झाल्या नसतील, तर संकराने फायदा होत नाही. हस्की मादी आणि पॉमेरेनियन नर यांच्या संकरातून पॉम्स्की हा प्रकार निघाला आहे. दोघांच्या आकारात इतकी तफावत की त्यासाठी बहुधा कृत्रिम रेतन करावे लागते. पिल्लू मोठे होऊन केवढे होईल, हे विकणाऱ्यालाही नक्की सांगता येत नाही. अपेक्षेपेक्षा मोठे झालेले, घरभर धावणारे पॉम्स्की मग दुसऱ्या घराच्या शोधात निघतात.

आपल्याकडे चित्र काय?

मराठी घरांत एकेकाळी पॉम हा शब्द सर्रास ऐकू यायचा. त्यांतील बहुतेक कुत्रे पॉमेरेनियन नव्हते. ब्रिटिश काळात इथे रुजलेला, इथल्या हवेत रुळलेला तो इंडियन स्पिट्झ. १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’ चित्रपटातील टफी याच जातीचा. तो चित्रपट आला आणि पांढऱ्या कुत्र्यांची हौस वाढली. आता ती जागा हस्की आणि चपट्या नाकाच्या पगने घेतली आहे. बर्फाळ प्रदेशातला हस्की नागपूरच्या उन्हाळ्यात काय भोगत असेल, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

भारतात श्वान पैदाशीसाठी २०१७ पासून स्वतंत्र नियम आहेत. पैदास करणाऱ्याने राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. भटक्या कुत्र्यांसाठी २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम आहेत, ज्यांचा भर निर्बीजीकरण आणि लसीकरणावर आहे. २०२५ मध्ये हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयातही गाजला.

भटक्या कुत्र्यांची भीती खोटी नाही. रेबीज झाल्यावर माणूस वाचणे जवळपास अशक्य असते आणि चावा बसल्यावर वेळेत लस घेणे हाच उपाय आहे. ब्रिटनलाही ही भीती होती. तोंडाला जाळी बांधण्याची सक्ती आणि बाहेरून येणाऱ्या कुत्र्यांसाठी विलगीकरण, असे उपाय वर्षानुवर्षे राबवल्यावर राणीच्या मृत्यूनंतर वर्षभराने, १९०२ मध्ये तिथून रेबीज हद्दपार झाला. प्रेम आणि बंदोबस्त या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कराव्या लागतात.

मग विकत घ्यावा की दत्तक?

विशिष्ट कामासाठी विशिष्ट जात लागते. अंधांना वाट दाखवणारा, पोलिसांच्या पथकातला किंवा मेंढ्या राखणारा कुत्रा निवडून, शिकवून तयार करावा लागतो. कोली बाल्मोरलच्या डोंगरात शोभत होता तो कामामुळे. घरात सोबत हवी असेल तर मात्र जातीची गरज नसते. डॅश व्हिक्टोरियाला आवडला तो त्याच्या वंशावळीमुळे नाही, एकट्या मुलीला सोबत दिल्यामुळे. ही सोबत आश्रयगृहातला कुत्राही देतो.

दत्तक घेणाऱ्यांनी कुत्र्याचे लसीकरण आणि निर्बीजीकरण झाले आहे का ते पाहावे. शक्य असल्यास त्याच्यासोबत दोन-तीनदा वेळ घालवून स्वभाव समजून घ्यावा. रस्त्यावर मार खाल्लेल्या कुत्र्याला माणसावर विश्वास ठेवायला वेळ लागतो, तेवढा धीर हवा.

विकत घ्यायचेच असेल तर नोंदणी क्रमांक विचारावा आणि पिल्लाची आई दाखवायला सांगावी. ती कुठे राहते, तिची प्रकृती कशी आहे, हे स्वतः पाहावे. आई दाखवायला टाळाटाळ झाली तर व्यवहार तिथेच थांबवावा. जितके पिल्लू लहान किंवा रंग जितका दुर्मीळ, तितकी किंमत जास्त असे कुणी सांगत असेल, तर ती किंमत कशातून आली हे विचारावे.

व्हिक्टोरियाने बॅटरसीला आपले नाव दिले आणि त्या निवाऱ्याची प्रतिष्ठा वाढली. तिने मार्कोला मांडीवर घेतले आणि एका जातीचे शरीर बदलले. तिच्या नावाने जे साधले त्यापेक्षा तिच्या पसंतीने जे घडले ते जास्त काळ टिकले. सामान्य माणसाकडे राणीचे नाव नसते, पण पसंती असते. दारात येणाऱ्या प्रत्येक नव्या कुत्र्याबरोबर ती वापरली जाते.